दोन्ही नळ्या गरम होत्या

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि खरे सांगायचे तर उत्तरपत्रिका तपासावी तसे वाचतो. इथे अंतर दिलेले नाही, इथे वेळ जुळत नाही, इथे सांगणारा आधीच घाबरलेला आहे... अशा खुणा करत गेले की बहुतेक अनुभव पस्तीस गुणांच्या आतच राहतात. मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. भूत पाहिले म्हणणाऱ्या मुलाला मी तीन प्रश्न विचारत असे: किती वाजता? किती अंतरावरून? उजेड कुठून येत होता? तिसऱ्या प्रश्नापर्यंत भूत सहसा टिकत नसे.

आज त्याच तीन प्रश्नांची उत्तरे मला द्यायची आहेत. वेळ: सकाळी सात वाजून दहा मिनिटे. अंतर: शून्य. उजेड: समोरून येणारे स्वच्छ कोवळे ऊन. स्थळ: वाशीम जिल्ह्यात जऊळक्याहून शेलूबाजारकडे येणारा रस्ता. महिना डिसेंबर.

आधी थोडी पार्श्वभूमी देतो, नाहीतर पुढचे कळणार नाही.

माझी धाकटी बहीण कुंदा शेलूबाजारजवळच्या खेड्यात राहते. मेहुणे वारल्यावर तिने हट्टाने एक एकर तुती लावली आणि रेशीम किड्यांसाठी शेड उभारली. हे तिच्या दिराला, भाऊरावांना, मुळीच पसंत नव्हते. त्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकले होते, "एक लॉट पाह्यतो मी. फक्त एक. गेला, तर तुती उपटून तिथं तूर. मंग कोणी रडाचं नाही." ही धमकी होती आणि जमीन सामाईक असल्यामुळे ती खरी करणे त्यांच्या हातात होते. तिचा हा पहिला लॉट, म्हणजे किड्यांची पहिली खेप, नेमका कडाक्याच्या थंडीत आला.

रेशमाचे लहान किडे, ज्यांना आमच्याकडे चॉकी म्हणतात, ते एका केंद्रावर वाढवून दुसरी कात टाकण्याच्या सुमारास शेतकऱ्याला देतात. त्यांना पंचवीस ते अठ्ठावीस अंश ऊब लागते. थंडीने ते लगेच मरत नाहीत, पण आकसतात, खाणे सोडतात, काही मागे पडतात, काही पुढे जातात, आणि अशा वेळी रोग शिरला की सगळा लॉट हातचा जातो. केंद्र जऊळक्याच्या बाजूला होते. तिथून कुंदाच्या शेडपर्यंत तासाभराचा रस्ता आणि पहाटेचे तापमान नऊ अंश. म्हणून मी ठरवले की किडे मागच्या हौद्यात न ठेवता केबिनमध्ये आणायचे आणि हीटर लावायचा.

आणि इथेच अडचण सुरू झाली.

निवृत्तीनंतर, त्या पावसाळ्यात, मी मंगरूळपीरच्या एका दलालाकडून जुनी पिकअप घेतली होती. कागद शोभा नावाच्या बाईंच्या नावावर होते, मानोरा तालुक्यातला पत्ता. दलालाने सह्या आणून दिल्या आणि मी अधिक चौकशी केली नाही. हीटर चालत नव्हता, तो पावसाळ्यात कोणाला आठवणार?

डिसेंबरात गाडी शेलूबाजारच्या रशीदभाई मिस्त्रींकडे नेली. हीटरचे तत्त्व सोपे आहे. इंजिनाने तापलेले पाणी दोन रबरी नळ्यांतून डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीत फिरते आणि पंखा त्या जाळीतून हवा आत फेकतो. पण पाणी तापावे म्हणून थर्मोस्टॅट नावाची एक झडप लागते. इंजिन पुरेसे गरम होईपर्यंत ती पाणी मोठ्या रेडिएटरकडे जाऊ देत नाही. आमच्या वऱ्हाडात उन्हाळ्याच्या धास्तीने मिस्त्री ही झडपच काढून फेकतात. गाडी गरम होणे म्हणजे आमच्याकडे संकट! गाडी गरम *करणे* हा विचारच कोणाला शिवत नाही.

रशीदभाईंनी बॉनेट उघडले आणि बराच वेळ आत पाहत राहिले.

"सर, हे मिस्त्रीचं काम नाही," ते म्हणाले. "मिस्त्री पाइप काढते, गोल फिरवून जोडते. इथं तर तोडले आहे. पाहा ना... दहा-बारा घाव आहे. अन् वरून तार बांधली, तीन-तीन पदर. इतका राग हीटरवर कोणाचा असते?"

डॅशबोर्डच्या झरोक्यांतून त्यांनी चिमट्याने कापडाच्या चिंध्या ओढून काढल्या. पांढरा सुती दुपट्टा होता, उन्हात डोक्याला बांधतात तसला, फाडून फाडून आत ठासलेला.

मी त्यांना नव्या नळ्या आणि नवा थर्मोस्टॅट बसवायला सांगितला. "सर, लोक हीटर काढाले येते माझ्याकडं, लावाले तुमीच पयले," असे म्हणत त्यांनी काम चोख केले. पाण्यातली हवा काढली. इंजिनाचा काटा मध्यावर आला. मी एकेका नळीला हात लावून पाहिला. येणारी गरम आणि जाणारीही गरम, म्हणजे पाणी जाळीतून फिरते आहे. पंखा लावला.

झरोक्यातून थंड हवा आली.

माझ्याजवळ भिंतीवर टांगायचा, पन्नास अंशांपर्यंतचा, लाल रेषेचा तापमापक होता. बाहेर अकरा अंश. झरोक्यासमोर सात. वाचकांनी इथे थांबून विचार करावा. पंखा बाहेरचीच हवा आत आणतो. मध्ये तापलेली जाळी आहे. हवा फार तर न तापता येईल, पण बाहेरच्यापेक्षा *थंड* होऊन येण्याला काही मार्गच नाही. गार करणारे यंत्र या गाडीत मुळात बसवलेलेच नव्हते.

"तुमी उतरा बरं," रशीदभाई म्हणाले आणि स्वतः चालकाच्या जागेवर बसले. दोन मिनिटांत त्यांनी स्वेटर काढला. "हे पाहा, भट्टी झाली!" मी पुन्हा बसलो. पुन्हा सात. आम्ही असे चार वेळा केले. चौथ्या वेळी ते हसले नाहीत. आधीच्या तीन वेळा मात्र हसले होते.

"सर, गाडीले तुमी आवडत नाही."

मी त्यांना समजावून सांगितले की यंत्राला आवडनिवड नसते, झडपेत अधूनमधून येणारा दोष असणार. ठरले असे की लॉट आणायला गाडी त्यांनीच चालवायची. पण आदल्या संध्याकाळी कारंज्याहून त्यांच्या भाचीच्या सासरचा निरोप आला आणि त्यांना जावे लागले. केंद्राने दिलेला दिवस बदलत नाही. किडे कोणासाठी थांबत नाहीत.

म्हणून त्या सकाळी मी आणि कुंदा निघालो. निघताना भाऊराव ओट्यावर शेकत होते. "वा!" ते म्हणाले. "किड्यायले हीटर, अन् मानसायले शेकोटी. जा, जा. तुरीचं बियानं आणूनच ठेवतो मी."

केंद्रावर किड्यांचे ट्रे ताब्यात घेतले तेव्हा ते सव्वीस अंशांवर होते. कागदात गुंडाळलेले ट्रे एका क्रेटमध्ये, क्रेट आमच्या दोघांच्या मध्ये, वर गोधडी. तापमापक मी डॅशबोर्डला टांगला. साडेसहाला निघालो. हीटर पूर्ण उघडा.

पहिल्या दहा मिनिटांत लाल रेषा बाविसावर आली. मग एकोणीस. काचा बंद, काटा मध्यावर, आणि झरोक्यातून येणारी हवा अशी की बोटांची पेरे दुखू लागली. ती नुसती थंड नव्हती. शब्दांची काटकसर करण्याची मला सवय आहे, तरी लिहितो: ती हवा माझ्यावर *रोखलेली* होती. पंखा बंद केला तरी ती येत राहिली, तोंडावर, माझ्याच.

कुंदाने गोधडीचे टोक उचलून पाहिले. "दादा, आकसून राह्यले रे हे."

"झाकून ठेव."

"सोळा झाले, दादा. मरतील थंडीनं. माह्या हातानं आणलेला पयला लॉट..." ती क्रेटला हातांनी कवटाळून बसली.

मला तिची दया यायला हवी होती. पण मला राग आला. यंत्राचा, भाऊरावांचा, आणि ज्याचा उलगडा होत नव्हता त्या गोष्टीचा. मी वर्गात बोलायचो त्या आवाजात बोललो. "गप्प बस! इतक्या थंडीनं कोणी मरत नाही."

त्या क्षणी हवा थांबली.

मग ऊब आली. मंद, नेमकी, हवी तशी. एकोणीस... बावीस... सव्वीस. मी मान्य करतो की मला विजय झाल्यासारखे वाटले. "पाहिलंस?" मी म्हणालो. "झडप अडकली होती, उघडली." आणि मी तिला थर्मोस्टॅटचे कार्य समजावून सांगू लागलो. माझे वाक्य पूर्ण होईपर्यंत रेषा एकतीसवर गेली होती.

मी हीटर बंद केला. पस्तीस. पंखा बंदच होता. काच खाली केली. नऊ अंशांचा वारा आत शिरताना मला दिसत होता, कुंदाच्या डोक्यावरचा पदर फडफडत होता, पण माझ्यापर्यंत तो पोचत नव्हता. अडतीस. केबिनमध्ये एक वास भरला, भर मे महिन्यात तापलेल्या मुरमाचा, आणि त्यात आणखी काहीतरी कोरडे, पांढरे, ओळखीचे. कशाचा वास ते मला त्या वेळी आठवेना.

गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केले. सात वाजून दहा मिनिटे झाली होती, घड्याळ पाहण्याची सवय अशा वेळीही सुटत नाही. कुंदा क्रेट घेऊन खाली उतरली.

"दादा, उतर ना. घाम काहून येऊन राह्यला तुले इतका?"

"तुला गरम होत नाही का?"

"गरम?" तिने हात आत घालून पाहिला. "आत तं बर्फ हाय, दादा. बाहेरच्यापेक्षा थंडं."

मी उतरलो नाही. हे नीट सांगितले पाहिजे. माझे हातपाय जखडले नव्हते. दार उघडे होते. मला फक्त *परवानगी* नव्हती. पाठ ताठ, नजर समोर, ऊन डोळ्यांत. मान वळवायची नाही हे मला कोणी न सांगता माहीत होते. समोरच्या तापमापकात रेषा चढत होती, त्रेचाळीस, पंचेचाळीस, आणि ती कुठपर्यंत चढते हे पाहण्याचे एक विचित्र, पोरकट कुतूहल माझ्यात जागे झाले. ते माझे नव्हते असे आज म्हणतो. पन्नासच्या वर आकडे नाहीत. रेषा नळीच्या टोकाला लागली आणि खालचा फुगा टिच्च करून फुटला.

मागून शेलूबाजारची जीप आली, खच्चून भरलेली. कुंदाने हात दाखवला. मी तिच्याकडे न पाहताच म्हणालो, "तू जा. लॉट ने." एवढेच बोलता आले. जीपमध्ये बायकांनी तिला दाटीत घेतले, क्रेट चौघींच्या मांड्यांवर ठेवला, वर शाली टाकल्या. ती नंतर सांगत होती, एक म्हातारी म्हणाली, "अगं पोरी, पंधरा जन कोंबलेली जीप म्हनजे चुलीवरचं भाताचं गंजच. कोनाच्या बापाची थंडी लागते?" किडे शेडवर पोचले तेव्हा त्यांची हालचाल सुरू झाली होती. पंधरा माणसांच्या अंगाच्या उबेने ते वाचले. त्या उबेचे शास्त्र मला मान्य आहे.

इकडे सात पंचेचाळीसला, घंटा व्हावी तसे, सगळे थांबले. मी हात उचलला. तो उचलता आला. मग थंडी एकदम अंगावर कोसळली आणि मी कुडकुडत, कसाबसा गाडी घेऊन शेलूबाजारला गेलो. डॉक्टरांनी माझा चेहरा, मान आणि हातांच्या पाठी पाहिल्या. कातडी लाल होऊन भाजली होती, दोन दिवसांनी ती सोलून निघाली.

"सर, उन्हात कुठं उभे होते?" त्यांनी विचारले. डिसेंबर महिना, सकाळचे साडेआठ.

लॉट चांगला उतरला. कोष विकून आल्यावर कुंदाने भाऊरावांना पेढा दिला. त्यांनी तो खाल्ला. तुती उभी आहे. इथे हा अनुभव संपवता आला असता, पण मी प्रश्न अर्धा सोडणारा माणूस नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस कागदावरचा पत्ता घेऊन मी एस.टी.ने मानोरा तालुक्यात गेलो.

शोभाबाई अंगणात तुरीच्या शेंगा बडवत होत्या. चाळिशीच्या आतल्या. पिकअपचे नाव काढताच त्यांचा हात थांबला.

"गाडी इकली. पैसे भेटले. आता कायले आले?"

"हीटरच्या नळ्या कोणी कापल्या, एवढंच विचारायचं होतं."

"मीच. इळ्यानं." त्या माझ्याकडे रोखून पाहत होत्या. "जोडल्या तं नाही ना तुमी?"

माझा चेहरा पाहून त्यांनी काठी खाली ठेवली.

"मे महिना व्हता," त्या म्हणाल्या. "आमचे मालक हळदीचे पोते भरून वाशीमले चालले. गाडी गरम होऊन राह्यली. मंग डायवर लोक काय करते, भर उन्हात हीटर फुल्ल लावते. इंजनाची गरमी आत घेते, मंग इंजन वाचते. मी फोनवर म्हनलं, थांबा ना कुठं सावलीत. तं हासले. 'उन्हानं कोणी मरत नसते, शोभे. आमचे मास्तर सांगत.' नेहमी म्हनत ते. शाळेत कोन्या मास्तरनं त्यायले उन्हात उभं केलं व्हतं म्हने, लहानपनी. त्याची नक्कल करून आमाले हासवत." त्यांनी बाहेर उडालेल्या दोन शेंगा उचलून ढिगात टाकल्या. "इंजन वाचलं."

"त्यांचं नाव?"

"प्रल्हाद."

मग मला तो वास आठवला. मैदानावर आखणी करायची फक्की. तापलेला मुरूम आणि फक्की.

सातवी, तुकडी ब. प्रयोगशाळेतला ताप मोजायचा तापमापक त्याने चहात बुडवून फोडला होता. तो फुटणारच, बेचाळीस अंशांपुढे त्यात जागा नसते. का केलेस असे विचारले तर म्हणाला, "पारा कुठवर चढते ते पाहून राह्यलो होतो, सर." आता वाटते, इतका चांगला प्रश्न मला एकतीस वर्षांत फार थोड्या मुलांनी विचारला. मी त्याला मैदानात उभे केले, पुढची तासिका संपेपर्यंत. एप्रिल महिना. आमची तासिका पस्तीस मिनिटांची. एक शिक्षिका म्हणाल्या, "सर, आत घ्या त्याला, ऊन फार आहे." मी त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो, "उन्हानं कोणी मरत नाही." तो पडला नाही, रडला नाही. खिडकीतून माझ्याकडे पाहत राहिला.

शोभाबाईंनी पाण्याचा तांब्या आणून दिला. "सावलीत बसा," म्हणाल्या. मग एकदम, "तुमी बी मास्तरच दिसता. त्या शाळेवर नव्हते ना तुमी?"

"नाही," मी म्हणालो.

मी आयुष्यभर मुलांना सांगितले की चुकीचे उत्तर चालेल, खोटे चालणार नाही.

उष्णता तीन मार्गांनी प्रवास करते: वहन, अभिसरण आणि प्रारण. हे मी एकतीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो. त्या सकाळी ती माझ्यापर्यंत यांपैकी कोणत्या मार्गाने आली, हे मी सांगू शकत नाही. भास म्हणावा, तर फुटलेला तापमापक माझ्या कपाटात आहे. यंत्राचा दोष म्हणावा, तर रशीदभाईंनी तीनदा सगळे उघडून पाहिले, सगळे जागच्या जागी आहे. कोणाजवळ स्पष्टीकरण असेल, तर ते जरूर कळवावे. मी ते खुल्या मनाने तपासीन, पण गुण देण्याचा अधिकार आता माझा राहिलेला नाही.

पिकअप कुंदाला देऊन टाकली. ती शिकली चालवायला. यंदा पुन्हा थंडी सुरू झाली आणि परवा सकाळी ती नवा लॉट आणायला निघाली तेव्हा मी तिला निरोप द्यायला गेलो होतो. तिने हीटर लावला, काच खाली केली आणि म्हणाली, "ये ना आत, दादा. मस्त ऊब हाय. कायले बाहेर उभा?"

"राहू दे," मी म्हणालो. "मी इथंच उभा राहतो."